दुसरा ठोका

पौषातलं हीव असं बसलं होतं की अडाण नदीवरचं धुकं बोरी अरबच्या गल्ल्या ओलांडून थेट सत्यभामेच्या न्हाणीत शिरलं होतं. पऱ्हाटीच्या काड्या दवानं सादळलेल्या. चुलीत घातल्या की पेटायच्या कमी न् धुपायच्या जास्त. फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले, तेव्हा कुठं गंजातलं पाणी कढत झालं.

मग खरं काम. नवऱ्याला बाजेवरून उठवून न्हाणीतल्या दगडावर आणायचं. उकंडाचं उजवं अंग लकव्यानं गेलं होतं, पण अर्धं अंग गेलं म्हणून वजन काही अर्धं झालं नव्हतं. सत्यभामा त्याच्या काखेत मान घालायची, त्याचा जिता हात आपल्या खांद्यावर टाकायची आणि "चाला, काढा गाडी" म्हणत एकेक पाऊल रेटायची. तिनं त्याची पाठ चोळली, पायांचे टोंगळे चोळले, डोक्यावर तांब्या ओतला. पाणी पुरे झालं तेव्हा उकंडानं डाव्या हाताची मूठ भिंतीवर आपटली. एक ठोका. सत्यभामेनं तांब्या खाली ठेवला.

एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. लकवा झाल्यापासून नवराबायकोची सगळी भाषा एवढ्यावर आली होती. ही भाषा ट्रकची. उकंडानं उभी हयात एका जिनिंग मिलची नाकवाली गाडी चालवली. इंजीन समोर नाकासारखं निघालेलं, मागं लाकडी पाट्यांचा डाला, डाल्यात कापसाच्या गाठी. गाठी लादल्या की ड्रायव्हरला मागचं काही दिसायचं नाही. मग क्लीनर खाली उतरून पाट्यावर ठोकायचा. एक पडला की ब्रेक, दोन पडले की गेअर.

पण बोरीत ठोके मारायचा मान क्लीनरचा नव्हता. गाडीचा सेल्फ स्टार्टर कायमचा बसलेला, म्हणून उकंडा घरी आला की ती पुलाजवळच्या उतारावर लावायचा. निघताना सत्यभामा लेकीला, शीलेला, कडेवर घेऊन उतारापर्यंत जायची. क्लीनर लांब उभा राहून दात काढायचा.

"तुह्या हातचे दोन पडल्याबिगर माह्या गाडीले गेअरच पडत नाई, सत्ते," खिडकीतून डोकं काढून उकंडा म्हणायचा.

ती पदर सावरायची, इकडंतिकडं पाहायची आणि पाट्यावर दोन मारायची. गाडी घरंगळायची, खोकायची, धडधडायला लागायची. धूळ खाली बसेपर्यंत सत्यभामा तिथंच उभी असायची.

सत्ते असं तिला दुसरं कोणी म्हणत नव्हतं. माहेरी ती बाई होती, सासरी वहिनी, मग शीलेची माय. लकव्यानं उकंडाचा हात नेला, पाय नेला, ते तिला निभावून नेता आलं. हा एक शब्द नेला, तिथं मात्र तिचं निभेना. डॉक्टरनं शीलेला सांगितलं होतं, ओळखीचं काही दाखवत जा, ऐकवत जा. एखाद्या वेळी जीभ सुटते, एखाद्या वेळी नाही सुटत. शीलेनं मायला दोन्ही सांगितलं. मायनं पहिलं तेवढं पदराला बांधलं.

म्हणून जुन्या ट्रकांचं प्रदर्शन यवतमाळला भरतंय, मिरवणूकही निघणार आहे, असं शीलेनं फोनवर सांगितलं, त्या दिवसापासून सत्यभामा वाट पाहत होती. आज तिनं कापूस वेचायचा खाडा केला. उकंडाला पांढरा सदरा घातला, दाढी घोटली, टोपी घातली. तेवढ्यात शीलेचा नवरा अश्वजित ऑटो घेऊन दारात आला.

"जयभीम, मामी! अरे बाप्पा, मामाजी तं नवरदेवावानी दिसून राह्यले. पोरगी पाहाले चालले काय?"

"एक केली थेच लय झाली त्याईले. तुमी पाय धरा, बापू."

उकंडाच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. हसायला त्याच्याजवळ आता तेवढाच कोपरा होता.

ऑटो डांबरी रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती, मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. सत्यभामेनं शालीचं टोक नवऱ्याच्या मानेभोवती खोवलं.

"बापू, आज बोलतीन का हो थे?"

"मामी, आपुन गाड्या पाहाले चाललो, गाड्या पाहू. जास्त आस लावू नका."

"जास्त कोठी लावली? एकच शब्द मांगून राह्यली मी."

 अश्वजितनं आरसा उगाच सारखा केला.

मैदानावर जत्रा लोटली होती. जुने ट्रक रांगेनं उभे, बोनेटवर झेंडूचे हार, आरशांना काळे गोंडे, समोर लिंबू-मिरच्या. लेकरं गाड्यांच्या नाकावर चढून फोटो काढत होती. भोंग्यावर एक जण सारखा सांगत होता की मिरवणूक थोड्याच वेळात निघेल, गाड्यांना कोणी टेकू नये, रंग ताजा आहे. आणि रंग तरी केवढा! उकंडाच्या गाडीनं जन्मात एवढा रंग पाहिला नव्हता. तिच्या अंगावर डिझेल, धूळ आणि सरकीचा वास, एवढाच साज.

अश्वजितनं कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची मिळवली. दोघांनी मिळून उकंडाला तिच्यावर बसवलं आणि खुर्चीसकट उचलून एकेका गाडीसमोर नेऊन ठेवलं. एक लाल, एक निळी, एक लष्करातून निवृत्त झालेली. "पाहा न, कशी हाये," सत्यभामा दर वेळी म्हणायची. उकंडा पाहायचा, पण परक्याच्या लग्नात पाहावं तसं. अश्वजितला दम लागला. सत्यभामेचं तोंड उतरत चाललं.

रांगेत सगळ्यात पुढं एक हिरवी उभी होती. नाकवाली, लाकडी पाट्यांची. तिथं खुर्ची टेकली आणि उकंडाची मान आपोआप उचलली गेली.

गाडीचा ड्रायव्हर देवीलाल, घाटंजीकडचा. पांढऱ्या मिशा, डोक्यावर प्रदर्शनाच्या मंडळवाल्यांनी बांधलेला केशरी फेटा, तो सारखा कानावर येत होता. त्यानं उकंडाकडं एकदा पाहिलं, त्याच्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"लाईनीतले काय हे?"

"हाव जी," सत्यभामा म्हणाली. "अशीच चालवत होते. जिनिंगची."

"मंग दूर कायले बसवलं? लावू द्या की हात! रंगाचं बोंबलतीन तं बोंबलू द्या त्याईले."

खुर्ची पाट्याला खेटून ठेवली. सत्यभामेनं नवऱ्याचा डावा हात उचलून पाट्यावर ठेवला. बोटं लाकडावरून हळूहळू फिरली, एका खिळ्याशी थांबली, पुन्हा फिरली.

"आवाज आयकवू काय दादाले?" देवीलालनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता नाकाच्या खालच्या भोकात लोखंडी हँडल घातलं. एक फेरा, दुसरा फेरा, शेजारच्या पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या, आणि गाडी धडधडली. देवीलाल लगबगीनं वर चढून बसला. खुर्ची हलायला लागली, उकंडाचे गाल हलायला लागले.

आणि उकंडाचे ओठ हलले.

आधी जिता कोपरा, मग मेलेला. गळ्याच्या शिरा तटतटल्या. ओठ मिटले, उघडले, जीभ दातांपाशी आली. सत्यभामा खाली वाकली, तिनं कान त्याच्या तोंडाला लावला. कानाला ऊन श्वास लागला. आत नुसतं इंजीन.

"बंद करा!" ती ओरडली. "ओ भाऊ, बंद करा! थे बोलून राह्यले!"

देवीलालला खिडकीतून बाईचे हात हवेत दिसले. त्याला वाटलं, खूश झाली. त्यानं हसून मान डोलावली आणि रेस वाढवली.

अश्वजित पायदानावर चढला, त्यानं देवीलालचा दंड धरून हलवला, तेव्हा गाडी बंद झाली. लांबवर कोणाची तरी पिपाणी वाजत होती, तीही ऐकू यायला लागली. उकंडाचे ओठ मिटले होते.

"काय म्हनलं तुमी?" सत्यभामा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "सत्ते म्हनलं काय? अवो, पुन्हा म्हना न. आता आयकते मी. एक डाव म्हना."

उकंडा तिच्याकडं पाहत होता. आपलं बोलून झालं आहे आणि आता पाळी तिची आहे, असं ते पाहणं होतं.

"म्हनलं काय मामाजीनं?" अश्वजितनं विचारलं.

"म्हनलं असन. मले आयकू नाई आलं."

देवीलाल खाली उतरला. काय झालं ते कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्यानं पुन्हा हँडल मारलं, गाडी चालू केली, लगेच बंद केली, पुन्हा चालू केली. दर वेळी सत्यभामा कान लावून बसायची. ओठ हलले नाहीत. भोंगेवाला ओरडायला लागला, पहिल्या नंबरची गाडी तयार ठेवा, पाहुणे झेंडी घेऊन उभे आहेत.

"माय, मले आता जा लागते," देवीलाल म्हणाला. "चुकलं माह्यं."

"तुमचं काय चुकलं, भाऊ. तुमी तं आयकवलं."

ताशे सुरू झाले. मागच्या सगळ्या गाड्या एकामागून एक धडधडल्या, मैदान निळ्या धुरानं भरलं. झेंडी हलली. देवीलालनं गेअर टाकला, चाक हललं, पाटा उकंडाच्या बोटांखालून सरकायला लागला.

उकंडानं मूठ वळली आणि पाट्यावर मारली.

एक ठोका.

गाडी जागच्या जागी थांबली. मागची लाल गाडी तिच्यावर येता येता राहिली, तिच्यामागची निळी करकचली. हॉर्नचा कल्ला उठला.

"एक नंबर काहून थांबली?" भोंगा ओरडला.

देवीलालनं फेट्यासकट डोकं बाहेर काढलं. "मांगून ठोका पडला."

छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला. "अहो काका, मागं काही नाही, चला! पाहुणे उभे आहेत!"

"काही नसन. पन ठोका पडला तं दोन पडल्याबिगर मी ब्रेक सोडत नाई, बाप्पा. मांगं लेकरू असते, ढोर असते. ज्यानं थांबवली त्यानं म्हनलं पायजे, चाल."

सगळे उकंडाकडं वळले. त्यानं मूठ उघडून तळवा पाट्याला चिकटवला होता, आणि नजर समोर ड्रायव्हरच्या खिडकीकडं. कार्यकर्त्यानं स्वतःच पाट्यावर धपाधप चार-पाच मारले. देवीलाल ढिम्म.

"हे काय ठोके झाले? हे तं पोळ्याचे ढोल झाले," तो खिडकीतून म्हणाला. लोक हसले. सत्यभामेला हसू आलं नाही.

"मावशी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!" कार्यकर्ता काकुळतीला आला.

तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "अवो, जाऊ द्या तिले. लोक खोळंबले. दोन मारा न."

उकंडानं मान हलवली नाही, हात काढला नाही. बोटांची नखं पांढरी पडली होती. त्याला गाडी जाऊ द्यायची नव्हती का? की त्या खिडकीतला माणूस आपणच आहोत असं वाटून तो पूर्वीसारखा तिच्या ठोक्यांची वाट पाहत होता? सत्यभामेला कळायला काही मार्ग नव्हता. विचारता येत होतं, उत्तर मिळत नव्हतं. मागं हॉर्न वाजत होते, अश्वजित मान खाली घालून उभा होता.

तिनं पदर सावरला. इकडंतिकडं पाहिलं. पाट्यावर एक ठोका मारला.

उकंडाची मान गर्रकन वळली. तो तिच्याकडं पाहायला लागला. तिचा हात उचललेला तसाच राहिला. एकदा वाटलं, नाही मारावा. मग कार्यकर्त्यानं "मावशी—" म्हटलं आणि तिनं दुसरा ठोका मारला.

ब्रेक सुटला. पाटा निघाला. उकंडानं हात काढला नाही. तो हात पाट्यावरून घासत गेला, जोडावर अडकला, सुटला, मागच्या फाळक्यापर्यंत गेला. मग फाळकाही संपला आणि हात हवेत राहिला. लाल गाडी गेली, निळी गेली, हात तसाच होता. सत्यभामेनं तो धरून त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुमीच म्हनत होते," ती म्हणाली, "माह्या हातचे पायजे म्हनून."

उकंडा तिच्याकडं पाहत नव्हता.

 परतताना बोरीत शिरले, तसा पुलाजवळचा उतार आला. तिथं आता चपलांचं दुकान झालं होतं. घरी दोघांनी मिळून उकंडाला बाजेवर निजवलं. अश्वजितनं मामीचा हात धरला, काहीतरी म्हणायचं म्हणून "शीला येईन रविवारी" म्हणाला आणि निघाला.

उकंडाच्या तळव्यावर हिरव्या रंगाचा पट्टा उमटला होता, मध्ये लाकडाची एक कूस रुतलेली. सत्यभामेनं कोमट पाणी आणलं, फडकं भिजवलं, कूस नखानं काढली. रंग पुसायला म्हणून फडकं तळव्यावर ठेवलं, तशी उकंडानं मूठ मिटली आणि बाजेच्या लाकडावर आपटली.

एक ठोका.

"बरं," ती म्हणाली. "राहू द्या."

फडकं हातात घेऊन ती उलीसा वेळ बसून राहिली. दुसरा ठोका पडतो का, पाहत. मग बाहेर शेळी बोंबलायला लागली. सकाळपासून तिचं दूध काढायचं राहिलं होतं. सत्यभामेनं फडकं पिळून दोरीवर टाकलं, गडू घेतला आणि शेळीच्या बाजूला उकिडवी बसून तिचा पाय टोंगळ्यात दाबून धरला.