इंदूताई, दगडूमामा आणि ‘पुरे’

इंदूताई लग्नाला जेवायला जात नसत. वाढपी बघायला जात. पंगतीच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि कितव्या ‘पुरे’ला वाढप्याचा हात थांबतो ते वहीत टिपायच्या. मुलीकडच्यांना वाटायचं, मुलाकडची तपासणी आहे. मुलाकडच्यांना वाटायचं, सरकारची. त्या धास्तीनं एका लग्नात जिलब्या इतक्या तुपात न्हाल्या की वऱ्हाड तीन दिवस जागचं उठलं नाही. खोटं वाटत असेल तर दोन दिवस धरा.

बाई कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करायच्या. माझं राजारामपुरीत फ्रीज दुरुस्तीचं दुकान. पेशींना ऊब देणारं त्यांचं कपाट बिघडलं, तेव्हा मला प्रयोगशाळेत बोलावणं आलं. मी विचारलं, “मॅडम, आत काय ठेवलंय?”

“कॅन्सर,” त्या म्हणाल्या. दही म्हणावं तशा.

मी मागं सरकलो तो थेट जिन्यात.

“या की पावणं आत,” वरून आवाज आला. “चावत न्हाई त्यो!”

पेपर इंग्रजीत लिहायच्या, पण समजवायला लागल्या की बाई थेट आपल्या गावी, कोडोलीत पोचायच्या. “पेशी म्हंजे पंगत बघा. भाइरनं निरोप येतोय, ‘वाढ’. दारातलं प्रथिन ऐकतंय, आतल्याला सांगतंय, ते फुडच्याला. निरोप पार आचाऱ्यापतुर गेला की पेशी वाढती. ‘पुरे’ म्हटलं की थांबती. कॅन्सरात मधला एक वाढपी बिघडतोय. कुणी मागू दे, न मागू दे, ह्यो वाढतोयच! पानात वाढा न्हाईतर अंगानं वाढा, आपल्यात शब्द एकच. इंग्रजांस्नी दोन लागत्यात, म्हणून त्यांस्नी कळाय वेळ लागला.”

त्या बिघडलेल्या प्रथिनाचं पुस्तकातलं नाव ट्रकच्या नंबरासारखं होतं. ताई त्याला ‘दगडूमामा’ म्हणायच्या. खरे दगडूमामा म्हणजे त्यांच्या आईचे सख्खे भाऊ, कागलच्या एमआयडीसीत एका कॅन्टीनला वाढपी. पानावर आडवं झालं तरी पाठीवर वाढतील असा माणूस. एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाला इतका भात वाढला की पलीकडची नवरी दिसेनाशी झाली आणि अंतरपाट पुन्हा कुणी धरला म्हणून भटजी ओरडले.

सहा वर्षं ताई त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं तोंड बंद करील असं औषध शोधत होत्या. पेशी काही ऐकेनात. शेवटी वरच्या साहेबांनी बजावलं, या उन्हाळ्यात निकाल नाही आला तर खोली रिकामी करा.  ताई त्या आठवड्यातल्या दोन्ही लग्नांना गेल्या नाहीत, तेव्हा मला परिस्थिती कळली. मी दुकानाला कुलूप लावलं आणि ते कपाट पुन्हा बिघडू नये म्हणून त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो.

एका सकाळी ताई सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून किंचाळल्या, “गप झालं! दगडूमामा गप झालं!” कॅन्सरच्या पेशी मेल्या होत्या आणि शेजारच्या ताटलीतल्या धडधाकट पेशी मजेत होत्या. ताईंच्या हातात हातमोजे, म्हणून मला म्हणाल्या, “माझ्या आईला एवढं कळवा.”

मी कोडोलीला फोन लावला आणि शब्द न शब्द निरोप दिला. “दगडूमामा कायमचे गप्प झाले. ताईंनीच केलं. सहा वर्षं मागं लागल्या होत्या, आज जमलं.”

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आनंदानं.

तासाभरात प्रयोगशाळेच्या फाटकात टेंपो उभा. आत निम्मी कोडोली, हारांसकट. रडण्याचा आवाज पन्हाळ्यावर ऐकू गेला म्हणतात. एवढ्यात मोटारसायकलवरून, कॅन्टीनच्या एप्रनवरच, साक्षात दगडूमामा आले. “इंदीनं मला मारलं म्हंत्यात. म्हटलं, बघून तरी येऊ!”

मामींनी त्यांना डोळे भरून पाहिलं आणि खवळल्या, “मग मी पन्हाळा रोडभर रडलो ते फुकटच की!”

ताईंनी मामांना हाताला धरून दुर्बिणीपाशी नेलं. सगळं समजावलं. मामा बराच वेळ डोळा लावून बसले. “म्हंजे ह्याच्यात मी हाय? एवढासा?”

“व्हय मामा.”

“आन् ‘पुरे’ ऐकू येत न्हवतं ह्याला.” मामांनी डोळा बाजूला घेतला. “वाईटच की गं.”

“आज आलं. पर एकदा मरून भागत न्हाई मामा. तीनदा मरायला पायजे, तवा खरं मानत्यात.”

“अजून दोनदा?” मामांनी खिडकीतून हाक मारली, “टेंपोवालं, थांबा वो!”

दुसऱ्यांदा मेले. तिसऱ्यांदाही मेले. साहेब खोलीचं नाव काढायचे बंद झाले आणि दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेनं ताईंना बोलावून घेतलं. कुणी म्हणालं, आता कॅन्सर संपलाच की. तर ताई डाफरल्या, “हे काचेच्या ताटलीतलं! माणसाच्या ताटापतुर यायला अजून लई पंगती उठायच्यात.”

जायच्या आदल्या दिवशी कोडोलीला जेवण होतं. जन्मात पहिल्यांदा मी इंदूताईंना वही न घेता पानावर बसलेलं पाहिलं. वाढायला अर्थातच मामा. भात झाला, आमटी झाली, पुन्हा आमटी आली.

“पुरे, मामा,” ताई म्हणाल्या.

ओगराळं हवेत थांबलं. पन्नास वर्षांत न थांबलेला हात थांबला. मामा स्वतःच त्याच्याकडं बघत राहिले. 

ताईंनी एकदा मामांकडं पाहिलं, एकदा पानाकडं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

“मामा, वाढा थोडं.”