खिल्लारेबाईंची बारव

खिल्लारेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शिळ्या भाकरीवरची हिरवी बुरशी सुईनं खरवडून काचेच्या पट्टीवर घेत होत्या. जागा स्टाफरूम, वेळ दुपारच्या डब्याची. कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी डबा उचलून व्हरांड्यात गेलं. बाईंनी मान वर न करता विचारलं, "काय झालं? ही बी जेवूनच राहिली की."

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज नवंच निघालेलं. मी इतिहास शिकवायचो, बाई वनस्पतिशास्त्र. सावळ्या, उंच, चालताना रस्त्याकडेच्या भिंतीकडे बघणाऱ्या. भिंतीच्या फटीत काही उगवलेलं दिसलं की थांबायच्या. शेवाळ, कुजका पाला, डबक्यातला चिखल, कशातही हात घालायच्या. त्यांना किळस म्हणून येत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

त्या रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत स्टाफरूममध्ये माठाशेजारी दुसरा माठ आला. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, बाईंचे हात बुरशीत असतात, जंतू पाण्यात जातील. साहेब म्हणजे आमचे प्राचार्य. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बाई बौद्ध होत्या. जंतूंचं निमित्त सोयीचं होतं. शिकलेली, टाय लावणारी माणसं त्या पहिल्या माठातलं पाणी पिऊन विद्यार्थ्यांना समतेवर निबंध लिहायला सांगत. मी तिथलं पाणी पिणं सोडलं.

बाईंनी काय केलं? दोन्ही माठांतला एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि प्राचार्यांनाही बघायला बोलावलं. "दोन्हीत एकच किडा पोहून राहिला, सर. त्याला सांगा, आपापल्या माठात राहा म्हणून." प्राचार्य हसले. दोन्ही माठ जागच्या जागी राहिले.

बाईंच्या आईचं माहेर जवळा बाजारच्या पुढचं. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाबाहेर जुनी बारव आहे. काळ्या दगडाची, खोल, चारी बाजूंनी पायऱ्या उतरलेल्या, कोनाड्यांत मूर्ती. बाई मला तिथं घेऊन गेल्या त्या त्यांच्या कामासाठी. बारवेच्या पूर्वेच्या भिंतीत पिंपळ शिरला होता. मुळांनी चिरे इतके ढकलले होते की दोन कोनाडे पुढं झुकले होते. खाली पाण्यालगतच्या ओलाव्यात मात्र हंसराज या नेच्याची नाजूक पानं दाट लोंबत होती. मी इतिहासवाला. मला वाटलं, सगळंच उपटून टाकलं की भिंत मोकळी होईल.

"पाहुणा कोण अन् दरोडेखोर कोण, एवढंच बघायचं," बाई म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. हंसराज पाहुणा. फटीतल्या चिमूटभर मातीवर राहतो, दगडाला धक्का लावत नाही, आणि आसपासच्या विहिरी आटल्यापासून तो त्या मुलखात दुसरीकडं कुठं उरलेला नव्हता. पिंपळ दरोडेखोर. पण त्यालाही ओढून काढायचं नाही, कारण आता त्याच मुळांनी चिरे धरून ठेवलेत. त्याला उभ्या जागी हळूहळू मारायचा, मुळं वाळली की थोडी थोडी कापायची आणि पोकळीत चुना-विटेचा जुन्या पद्धतीचा गिलावा भरायचा. बाईंचं संशोधन ते हेच. जुन्या वास्तूवर काय उगवतं, त्यातलं काय राखायचं आणि काय कसं घालवायचं.

पिंपळ मारायचा म्हटल्यावर गाव बिथरलं. माझं घराणं देवळाच्या पूजेतलं, म्हणून बोलणी करायला मी बाईंसोबत गेलो. गावचे पुढारी आबा. त्यांच्या बैठकीत बरीच समजावणी झाली. बाईंनी शिवेवर पिंपळाची रोपं लावून द्यायची, या बोलीवर आबांनी होकार दिला. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की बाई स्वतः खाली उतरणार, का माणसं लावणार? मी म्हणालो, स्वतः.

परतताना मी बाईंना विचारलं, की तुम्हीच सांगितलंत, तुमच्या आईला या बारवेची पायरी उतरू दिली नाही. वर उभं राहून, कुणी पाणी ओतेल का, म्हणून तिनं दुपारच्या दुपारी वाट पाहिली. मग तुम्ही ही वाचवता कशाला?

बाई म्हणाल्या, "दगडानं न्हाई अडवलं, सर. माणसानं अडवलं. अन् हे दगड फोडले कुणी, वाहिले कुणी? आमच्यातल्यांनी बी वाहिले असतील. माझा बी हक्क हाय यांच्यावर."

दोन वर्षं आम्ही तिथं जात होतो. बाई पदर खोचून पिंपळाच्या बुंध्याला भोक पाडायच्या, त्यात मोरचूद भरून वरून माती लिंपायच्या, म्हणजे विष झाडातच राहावं, पाण्यात उतरू नये. पिंपळ वाळला. एकही चिरा निखळला नाही. हंसराज होता तिथंच होता. शेवटचा गिलावा झाला त्या दिवशी बाई पायरीवर बसून नुसत्या बघत राहिल्या.

मग आबांनी ठरवलं, बारवेच्या जीर्णोद्धाराचा कार्यक्रम घ्यायचा. जिल्ह्याहून पाहुणे येणार, त्यांच्या हातून जलपूजन होणार. आमचे प्राचार्य अध्यक्ष. बाईंना आणि मला निमंत्रण होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा मांडवात वाजंत्री चालू होती. बारवेच्या तोंडाशी गेलो आणि वासानं घसा धरला. सगळ्या पायऱ्या पांढऱ्याफटक. कोनाड्यांतल्या मूर्तींवर चुन्याचे थर, नाकडोळे बुजलेले. सांध्यांतला नवा-जुना गिलावा विरघळून पिवळा फेस साचलेला. हंसराजाचा काळा लगदा भिंतीला चिकटलेला. आणि पाण्यावर पोटं वर करून मासे, बेडूक तरंगत होते. त्यांच्यावर माशा घोंगावत होत्या.

गावातली एक बाई घागर-तांब्या घेऊन तिथं उभी होती, गयाबाई. तिनं हळू आवाजात सांगितलं, की चार दिवस आधी आबांनी माणसं लावून तेजाबानं पायऱ्या धुऊन घेतल्या, मग गोमूत्र शिंपडलं, मग चुना फासला. तिनं खिल्लारेबाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "तुमी उतरत व्हत्या म्हनून, बाई. पूजा हाय ना. तवा सुद्ध करून घेतली म्हनले."

मला खरोखर ओकारी आली. वासानं आली की त्या शब्दानं, ते आजही सांगता येत नाही. जी बाई दोन वर्षं त्या भिंतीत विषाचा थेंब गळू नये म्हणून जपली, तिच्या पावलांचा विटाळ काढायला या लोकांनी पाण्यातच विष ओतलं होतं. आणि वर मांडवात तेच लोक गंध लावून, फेटे बांधून, एकमेकांना पानसुपारी देत बसले होते.

बाई खाली उतरल्या. गयाबाईकडचा तांब्या मागून घेऊन पाण्यात बुडवला आणि भरून वर आणला. तशाच मांडवात गेल्या. भाषण थांबलं. त्यांनी तांब्या आबांसमोर धरला. आवाज वर्गात असायचा तेवढाच.

"सुद्ध केलंय ना पाणी? मग प्या."

आबांनी तोंड फिरवलं. बाईंनी तांब्या प्राचार्यांपुढं धरला. ते म्हणाले, बाई, ही वेळ नाही. पाहुण्यांपर्यंत वास गेला असावा. त्यांनी रुमाल काढला. बाईंनी तांब्या टेबलावर, हारांच्या ताटाशेजारी ठेवला. "जनावर बी पिणार न्हाई आता हे. तुमी काय केलं ते तुमाला दिसावं म्हणून आणलं." एवढं बोलून त्या निघाल्या. मीही निघालो.

दुसऱ्या आठवड्यात गयाबाई आणि आणखी काही बायका कॉलेजात आल्या. गुरं पाण्याला तोंड लावत नव्हती, लांबच्या विहिरीवरून पाणी आणून माना मोडल्या होत्या. काय करावं, ते बाईंनी सांगावं, म्हणाल्या. मला वाटलं, बाई नाही म्हणतील. मी असतो तर म्हणालो असतो. बाई इंजिन घेऊन गेल्या. बारव उपसली, गाळ काढला, सांधे पुन्हा भरले. मेलेल्या माशांचा गाळ बायकांनी पाट्यांनी वाहिला. त्या दिवशी सगळ्याच वस्त्यांतल्या बायका त्या पायऱ्यांवर होत्या आणि कोण कुठं उभी, हे बघायला आबांच्या बैठकीतलं कुणी आलं नाही. पावसाळ्यात पाणी पुन्हा भरलं, गोडं निघालं.

तेव्हा आबा शाल-नारळ घेऊन कॉलेजात आले. प्राचार्यांच्या खोलीत बाईंचा सत्कार करायचा होता. बाईंनी हात पुढं केला नाही. "इथं काहून? बारवेवर करा, गावासमोर." आबा म्हणाले, बघू. शाल प्राचार्यांच्या कपाटात ठेवली गेली. पुढं ती कारकुनाच्या खुर्चीवर अंथरलेली मी पाहिली.

वर्षअखेरीस बाईंची संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात बदली झाली. वसमतच्या एसटीत त्यांना बसवायला मी एकटाच होतो. गाडी सुटेपर्यंत त्या कामाचंच बोलत होत्या.

"दिवाळीच्या सुमारास बारवेवर जात जा, सर. पाखरं पिंपळाचं बी टाकतातच. कोवळा असतानाच उपटा. मोठा झाला की त्याचा देव होतो, मग कुणी हात लावू देत न्हाई."

बाई पुढं फार जगल्या नाहीत. काविळीनं गेल्या, असं फार उशिरा कळलं. मी दर दिवाळीला त्या गावी जातो. पायऱ्या उतरतो, भिंतीच्या फटीफटींतून बोटं फिरवतो. रोपं असतातच. दोन पानांची, तांबूस, दिसायला अगदी निरागस. एकेक करून उपटतो.