वर्नाचं परत न मागायचं भांडं

वर्ना आणि तिची लेक लोरेटा यांचं भांडण मी कुंपणापलीकडून ऐकलं. चोरून नव्हे. मी कपडे वाळत घालत होते, आणि लोरेटाचा आवाज बापावर गेलेला, परेडच्या मैदानातला. तिचा पोरगा डस्टिन सैन्यात नाव नोंदवून आला होता. पोर आजीच्या शब्दाबाहेर नव्हतं.

"तू एकदा नको म्हण, आई. तुझं ऐकेल तो."

वर्ना म्हणाली, "तुझ्या बापाला कधी म्हटलं नाही. आता नातवाला कुठल्या तोंडाने म्हणू?"

"मग लक्षात ठेव. ती गाडी माझ्या दारी आली, तर तुझं भांडं घेऊन माझी पायरी चढायची नाही."

कॅन्ससमधली आमची ही गल्ली छावणीच्या फाटकाला लागून. घरोघर कोणीतरी फौजेत. काळी गाडी, आत कडक पोशाखातले दोघे अधिकारी, म्हणजे कोणाचा तरी माणूस गेला. ती वळली की बायका खिडकीशी उभ्या राहतात आणि ती पुढे जाऊ दे म्हणून देवाला विनवतात. पुढे म्हणजे दुसरीच्या दारी, हे कळत असूनही.

वर्ना मात्र स्वयंपाकघरात शिरायची, गाडी थांबेल त्या घरी न्यायला काही शिजवायची, थेट व्हिएतनामच्या लढाईपासून. शेवया, डब्यातला मासा, वर चीज. तिचा नवरा हारलन म्हणायचा, हे शत्रूला वाढा, लढाई उद्या आटपेल. चर्चच्या आम्ही बाकीच्या भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावायचो, भांडं परत यावं म्हणून. वर्ना नाही. नवरा गेलेल्या बाईने माझं भांडं घासत बसायचं का, म्हणायची. दार वाजवायचं, भांडं ठेवायचं आणि दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहायचं, ही तिची रीत.

डस्टिन इराकला गेला आणि वर्नाही खिडकीशी उभी राहू लागली. "हारलनच्या वेळी तरुण होते, ओपल," मला म्हणाली. "भीती उचलता यायची."

लोरेटाचं घर समोरच, पण बोलणं बंद. डस्टिनचा फोन आला की ती पुढचा पडदा बाजूला सारायची. आईला तेवढाच निरोप. पडदा सरकला की वर्ना खुर्चीत बसायची, दोन घास खायची. पोरगा घरी आला की लेक बोलेल, एवढ्या आशेवर दिवस ढकलत होती.

फेब्रुवारीत, भर दुपारी, गाडी वळली. माझ्या दारावरून पुढे गेली आणि मी सवयीने देवाचे आभार मानले. मग ती लोरेटाच्या दारी थांबली.

मी वर्नाकडे धावले. ती शेवया उकळत होती. माशाचा डबा मी उघडून दिला. रडली नाही. लोरेटाने बजावलंय ना तुला, मी म्हणाले.

"बजावलंय," वर्ना म्हणाली. "चीज दे."

तो महिना वर्नाने पुरा केला नाही. कोणाच्या दारी गेली ती ही शेवटचीच खेप.

अधिकारी निघून गेल्यावर तिने कोट चढवला आणि बर्फातून रस्ता ओलांडला. पडदा बंदच होता. तिने दार वाजवलं, भांडं खाली ठेवलं, पायरीवरचं बर्फ हाताने झाडलं आणि बसली.