टाइपरायटरमधल्या अक्षता

माझ्या बाबांचा टाइपरायटर दुरुस्त करू शकणारा शेवटचा माणूस आज सकाळी गेला.

कळंबचे नामदेव काकाजी. वय ऐंशीच्या वर. तुम्ही नाव ऐकलं नसेल, ऐकायचं काही कारणही नाही.

बाबा पांढरकवड्याला तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज टाइप करायचे. ते गेले आणि मशीन माझ्याकडे आलं. म्हणजे भाऊ म्हणाला, "माझ्या फ्लॅटमध्ये जागा नाही." मी काही हौसेनं आणलं नव्हतं.

जुनं मशीन फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात धूळ पुसा, तेल द्या, रिबन शोधत फिरा आणि ते धूड मांडीवर घेऊन एसटीनं यवतमाळहून कळंबला जा. दरवर्षी कंबर धरते माझी.

त्यात दसरा. आई मशीनची पूजा करते. हळद, कुंकू, फूल आणि वरून मूठभर अक्षता.
"तुह्या बाबाचं हत्यार होय ते. अक्षतांशिवाय कुठं पूजा असते काय?"

मग तांदूळ आत जातात आणि अक्षरांच्या काड्या अडकतात.

काकाजी चिमट्यानं एकेक दाणा काढायचे. तोंड चालूच.
"पूजा करून राह्यले का खिचडी मांडून राह्यले तुमी?"
"आईला सांगा ना काकाजी."
"तिले काय सांगू? तुह्या बापाले सांगू सांगू थकलो मी."

काम झालं की मशीन माझ्याकडे सरकवायचे. मी एक ओळ टाइप करून बघायची, हा त्यांचा नियम. मगच चहा.

गेल्या दसऱ्यानंतर मी कळंबला गेले, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. नीट दिसतही नव्हतं. दोन तास खपले बिचारे.
"घे. झालं."

झालं नव्हतं. दोन काड्यांमध्ये हळदीचा पिवळा तांदूळ मला समोर दिसत होता.

मी म्हटलं, "एक नंबर झालं काकाजी." आणि झाकण लावून टाकलं. घरी येऊन सुईनं दाणा काढला. आपण किती समजूतदार, असंही वाटलं तेव्हा.

आज त्यांच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली,
"ताई, तुमी गेल्यावर मामाजी म्हणे, पोरीनं टाइप करून नाही पाह्यलं. मशीन दुरुस्त झालीच नसन. त्याच्यानंतर त्यायनं औजाराची पेटी उघडलीच नाही."

मी फोन ठेवला.

हे सगळं जपता जपता मी थकलेय, खरं सांगते. पण त्या दिवशी मला त्यांची दया आली होती आणि ती त्यांना कळली, हे जास्त जड जातंय.

काकाजी, मी ती एक ओळ टाइप करून बघायला हवी होती. तुम्ही चिडला असता, आईचा उद्धार केला असता आणि चष्मा पुसून पुन्हा कामाला बसला असता.

तेवढा मान मी ठेवायला हवा होता.

चुकले. अखेरचा नमस्कार, काकाजी.