मार्चचा उंचवटा

कलकत्त्यात मी एका सरकारी कार्यालयाच्या आकडेवारी शाखेत होतो. सत्तरच्या दशकातली पहिली काही वर्षं. देशभरातल्या रस्त्यांवर महिन्याला किती माणसं मेली आणि किती जखमी झाली, याची पत्रकं राज्याराज्यांतून आमच्याकडे येत. ती तपासायची, वहीत उतरवायची, बेरजा मारायच्या आणि महिन्याचा आकडा बंद करून साहेबांची सही घ्यायची, हे माझं काम. सांगताना भयंकर वाटतं, करताना तसं वाटत नसे. गणकयंत्राचं हँडल फिरवताना मेलेल्यांचा आणि जखमींचा आवाज एकच यायचा.

माझ्या वहीत खाडाखोड नव्हती, आणि शाखेत तिचं नाव होतं. माझ्या आधीच्या माणसाच्या वहीत मागच्या महिन्यांचे आकडे दोनदोन, तीनतीनदा खोडलेले मी पाहिले होते. म्हणून रुजू झाल्या झाल्या मी एक नियम घातला: एकदा सही होऊन बंद झालेला महिना पुन्हा उघडायचा नाही. काही ठाण्यांचे कागद उशिरा येत. कोणी जखमी इस्पितळात दोन आठवड्यांनी दगावला, तर त्याची खबर नंतर येई. अशा मागाहून आलेल्या कागदाला आम्ही पुरवणी म्हणत असू. पुरवणी ज्या महिन्यात हातात पडेल त्याच महिन्यात मिळवायची. बेरीज वर्षाच्या शेवटी तीच येते, असं मी साहेबांना पटवून दिलं होतं.

शेजारच्या टेबलावर बसणारा माणूसही मराठीच होता. हुद्दा माझाच, वय माझ्याहून चार वर्षांनी कमी. पण मी बदलीवर आलेला, आणि तो कलकत्त्यात जन्मलेला. त्याचे आजोबा इथल्या शाळेत गणित शिकवायला आले आणि इथलेच झाले. माझ्या वहीतले आकडे घेऊन आलेख काढायचे आणि त्यावर टिपण लिहायचं, हे त्याचं काम. साहेब त्याच्याशी बंगालीत बोलत आणि माझ्याशी इंग्रजीत. त्याच्या टेबलाभोवती चहाच्या वेळी पाचसहा जण असायचे. माझ्या टेबलाशी ज्याला आकडा हवा तो येई, आणि आकडा मिळाला की जाई.

त्याचा मला हेवा वाटत असे, हे आधीच लिहून टाकतो. उगीच दुसरी कारणं शोधायला नकोत.

रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. बोलावत असे बायको. आमचं घर गार्डन रीचच्या बाजूला होतं, तिथे मराठी बोलायला तिला दुसरं कोण होतं? तो आला की स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसे.

"वहिनी, केळफूल असं निवडतात होय? आमची शेजारीण बघेल तर रडेल."

"मग तुम्हीच निवडा की भावजी. नुसतं बसून शिकवायला काय जातं?"

"आणा इकडे. तेल लावा आधी हाताला, नाहीतर सोमवारी साहेब विचारतील हात कशाने काळे झाले."

"सांगा, वहिनीने राबवून घेतलं म्हणून."

आणि दोघं हसत. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असे. बायको माझ्याशी वाईट वागत होती असं मुळीच नाही. पण हात काळे होतील म्हणून मी कधी केळफुलाजवळ गेलो नव्हतो, आणि गेलो असतो तरी तिला हसवायला मला काही सुचलं नसतं.

मुलीचं तर आणखी वेगळं. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि शाळेत बंगाली शिकत होती. तिचे निबंध मला वाचता येत नसत. एकदा तिने वही माझ्यासमोर धरली, मी उगीच पानं उलटली आणि "अक्षर चांगलं आहे" म्हणालो.

"बाबा, तुम्ही उलटी धरलीय," ती म्हणाली. तसं नव्हतं, ती थट्टा करत होती. पण मी खरोखरच वही फिरवून पाहिली. त्यानंतर ती वही घेऊन थेट या काकाकडे जायची. तो सगळा निबंध मोठ्याने वाचे, मध्येच "वा!" म्हणे. ती लाल होई.

त्या वर्षी दिल्लीत एक बैठक ठरली. रस्त्यांवरचे मृत्यू आणि जखमी महिन्यामहिन्याने कसे चढतात-उतरतात, यावर आमच्या शाखेने टिपण करावं आणि शाखेतल्या एकाने जाऊन ते वाचावं, असं पत्र आलं. मागच्या काही वर्षांचा एकूण एक आकडा माझ्या हातचा होता. आयुष्यात एकदा तरी आपलं काम चार मोठ्या माणसांसमोर आपण उभं राहून सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. साहेबांनी टिपण त्याला दिलं. "तुमची वही त्यांना द्या," मला म्हणाले, "टिपण लिहितील तेच जातील."

पंधरा दिवसांत त्याने आलेख केला. सुरेख होता, मान्य करायला हवं. मृत्यूंची रेघ तांबडी, जखमींची निळी. दोन्ही रेघा वर्षभर थोड्या खालीवर होत आणि दर वर्षी मार्चमध्ये उंटाच्या पाठीसारख्या वर येत. खाली त्याने या उंचवट्याची कारणं दिली होती. होळीची नशा, कापणीचा माल घेऊन धावणारे ट्रक, पहाटे निघून उन्हाआधी पोचायची ड्रायव्हरांची घाई. साहेब आलेख हातात धरून खोलीबाहेर आले आणि सगळ्या शाखेला दाखवला. "याला म्हणतात आकड्यांना बोलतं करणं," ते म्हणाले.

माझे आकडे त्याच्याकडे जाऊन बोलू लागले होते.

त्या दिवसापासून मी त्याच्या टिपणात चूक शोधू लागलो. पहिल्यांदा फेब्रुवारी पाहिला. या महिन्याचे दिवस कमी, त्यामुळे एकूण आकडा आपोआप कमी दिसतो, आणि घाईचा माणूस तिथे हमखास फसतो. त्याने प्रत्येक महिन्याला दिवसांनी भागलं होतं. लीप वर्षसुद्धा विसरला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मग मी भागाकार तपासले, मग रेघेवरचे ठिपके पट्टीने मोजले. सगळं बरोबर.

मग मार्चकडे वळलो. होळी दर वर्षी मार्चमध्येच येते असं नाही, कधी ती फेब्रुवारीच्या अखेरीला जाते. तशा वर्षी उंचवटा मागे सरकायला हवा. तो सरकला नव्हता. जागचा हलला नव्हता. एप्रिलमध्ये रेघ अशी कोसळत होती की जणू एक तारखेला देशातले ट्रक उभे राहिले. मी खुर्चीत ताठ बसलो. टिपण चुकीचं होतं, आणि देशात हे मला एकट्याला माहीत होतं. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. आता दिल्लीत कोणीतरी जाणकार त्याला विचारील, होळी सरकली तरी डोंगर का सरकत नाही? आणि तो नेहमीसारखा हसायला जाईल आणि हसू फुटणार नाही.

चूक आली कुठून हे पक्कं करायला मी माझी वही परत मागून घेतली. मार्चची पानं उघडली. शेऱ्याच्या रकान्यात ओळीमागून ओळ लिहिलेलं होतं: पुरवणी, पुरवणी, पुरवणी.

मार्चअखेर आली की देशातलं प्रत्येक ठाणं, प्रत्येक कचेरी तुंबलेले कागद निकाली काढते. वर्षभर कोनाड्यात पडलेल्या पुरवण्या मार्चमध्ये एकदम आमच्याकडे येऊन पडत. आणि बंद महिना उघडायचा नाही म्हणून मी त्या सगळ्या मार्चमध्ये मिळवत होतो. पावसाळ्यात मेलेली माणसं, थंडीत मेलेली माणसं, माझ्या वहीत मार्चमध्ये मेली होती. एवढंच नाही. जो आधी जखमी होता आणि नंतर वारला, त्याला मी जखमींतून काढलाच नव्हता, कारण तो महिना बंद होता. तोच माणूस एकदा निळ्या रेघेत होता आणि एकदा तांबड्या.

उंचवटा माझा होता. शेजाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवून त्याला कारणं शोधली होती.

तीन दिवस मी गप्प राहिलो. माझा हिशेब सरळ होता: टिपणावर नाव त्याचं, बोलणीही त्यालाच बसतील. माझ्या बारीक अक्षरातल्या रकान्याकडे कोण पाहतो? चौथ्या दिवशी टंकलेखकाकडून टिपणाची प्रत तपासायला माझ्याकडे आली. शेवटी साहेबांनी स्वतः एक ओळ घातली होती. सर्व राज्यांनी मार्चमध्ये रस्त्यांवर जादा बंदोबस्त ठेवावा, त्यासाठी इतर महिन्यांतले पोलीस कमी करायला हरकत नाही. ही ओळ मला ओलांडता येईना. मी प्रत तशीच खणात टाकली.

संध्याकाळी धर्मतळ्याला ट्रामसाठी उभे होतो तेव्हा त्याला सांगितलं. पुरवण्यांचं सगळं सांगितलं. नियम कोणी घातला ते सांगितलं नाही.

तो ट्राम येते का ते पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी होळीला फुकट बदनाम केलं."

"हसण्यासारखं नाही हे."

"मग काय रडू इथे ट्रामच्या रुळांवर? आपल्याच रकान्यात जमा होऊ." मग गंभीर झाला. "पुरवण्यांचे मूळ कागद आहेत?"

"सगळे. क्रमवार."

"तुमच्याकडे असणारच. चला, मग भीती नाही. पण साहेबांना उद्याच सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधी साहेबांच्या खोलीत होता. मी आत गेलो तेव्हा तो म्हणत होता, "सर, चूक यांनी काढली. मी तर आलेख घेऊन खुशाल दिल्लीला निघालो होतो." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, उशिराचे कागद चालू महिन्यात मिळवायचं कोणी ठरवलं होतं? मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "शाखेची जुनी पद्धत आहे, सर."

हे मीच त्यांना पटवून दिलं होतं, ते साहेब विसरले होते. मी गप्प राहिलो.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी एक एक पुरवणी अपघाताच्या तारखेप्रमाणे लावली. मी वाचायचो, तो खुणा करायचा. बंद महिने सगळे उघडले, माझ्या वहीत तांबड्या शाईने खाडाखोड झाली. मार्च खाली बसला आणि त्याचं ओझं मागच्या महिन्यांवर पसरलं. नवा आलेख दिसायला तितका सुरेख नव्हता. साहेबांची ओळ गेली. साहेब म्हणाले, आता तुम्हीच जा दिल्लीला, ज्याने चूक धरली त्यानेच वाचावं. त्याने टाळ्या वाजवल्या. शाखेने वाजवल्या. त्यांत खोट नव्हती, आणि मला तेच सहन झालं नाही. त्याच्या जागी मी असतो तर टाळ्या वाजवल्या नसत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

हावड्याला गाडीवर सोडायला बायको, मुलगी आणि तो असे तिघं आले. बायकोने डब्याची पिशवी दिली, त्याने रसगुल्ल्यांचं मडकं दिलं. बायको मुलीला पाणी पाजायला नळाकडे गेली तेवढ्यात मी खिडकीतून म्हणालो, "तो नियम माझा होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही ट्रामपाशी सांगितलंत तेव्हापासून. शेऱ्याच्या रकान्यातलं अक्षर काय साहेबांचं आहे?"

"मग जुनी पद्धत कशाला म्हणालात?"

"अहो, तुमचं तोंड पाहवत नव्हतं." मग दोघींना हाक मारली, "या लवकर, बाबा चालले!"

गाडी हलली. तिघं हात हलवत होते. मग त्याने काहीतरी म्हटलं आणि दोघी हसल्या. काय म्हणाला ते मी आजवर विचारलेलं नाही.

दिल्लीत टिपण वाचलं. शेवटी एका वयस्क अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, ही उशिराचे कागद चालू महिन्यात घालायची रीत मुळात कोणाची? "शाखेची जुनी पद्धत" हे तयार उत्तर माझ्या जिभेवर होतं. कोणाला कळलं नसतं. मी म्हणालो, "माझी. ती चूक माझी आहे." त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी टिपून घेतलं, आणि पुढच्या शाखेला बोलावलं.

खोलीबाहेर आल्यावर मला बरं वाटलं. प्रामाणिकपणाचा आनंद म्हणावा, तर तसा तो नव्हता. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या आधी शेजाऱ्याने करून टाकली नव्हती, अशी तेवढी एकच गोष्ट मी केली होती.