अकोला ते कोल्हापूर, सव्वा तास

आमच्या सोनाळ्यात उकंडरावांइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. बायांनी चार वांगी कोवळी तोडली तरी हा माणूस दिवसभर धुसफुसणार. पण दर दिवाळीला त्यांना अगदी मऊ झालेलं मी पाहिलंय, बहिणीसाठी साडी घेताना. ढीगभर साड्या उलगडून दुकानदार वैतागला की महाशय एक काठ चिमटीत धरून म्हणणार, "सोजरीले हा आवडन."

सोजराबाई ही त्यांची एकुलती धाकटी बहीण. तीही काही कमी नव्हती. एका वर्षी हे तापानं पडले म्हणून बायकोनं, वच्छलाबाईंनी, साडी निवडली. सोजराबाईनं काठावरून बोट फिरवलं नि म्हणाली, "हे दादाच्या पसंतीची नाही." उकंडराव ही गोष्ट गावभर सांगत फिरले.

नवरा गेल्यावर ती कोल्हापूरला मुलाकडे, ऋत्विककडे, राहायला गेली. यंदा उन्हाळ्यात एका सकाळी ऋत्विकचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

आमच्याकडे बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते, आणि ती भावानं आणायची. रस्त्यानं कोल्हापूर गाठायचं म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. तेवढ्यात त्यांच्या सुनेनं, रेणुकानं, मोबाइलवर शोधून काढलं. अकोला विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ, अंतर सव्वापाचशे किलोमीटरच्या वर, विमानाला सव्वा तास. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"माह्याशिवाय तिले नेऊ नको बाप्पा," उकंडराव फोनवर म्हणाले. "सांजच्या आत येतो, इमानानं." रडून बधिर झालेल्या ऋत्विकला काय सुचणार? तो हो म्हणाला.

तिकीट तिथंच काढू म्हणून मी माझी गाडी काढली. वाटेत एक दुकान लागलं. तिथं उकंडरावांनी जांभळी साडी घेतली, तशीच काठ चिमटीत धरून.

अकोल्याच्या विमानतळावर पहारेकरी आमच्याकडे बघतच राहिला. "काका, अठून लोकायचं इमान उडतच नाही."

"काऊन? मोबाइलवर टाइम देला ना!"

"इमान असतं तर तेवढा टाइम लागला असता काका. तसा हिशेब हाय तो."

मला असा संताप आला की मोबाइल डांबरावर आपटावा. जे विमान नाहीच, त्याची वेळ कशाला सांगता? दुसऱ्या कुठल्या विमानतळावरून जायचं तरी उद्याच पोहोचणार होतो. पहारेकऱ्यानं खुर्ची आणून दिली. उकंडराव पिशवी मांडीवर घेऊन बंद फाटकासमोर बसले. घरी चला म्हणायची माझी हिंमत होईना.

दुपार कलली तसा ऋत्विकचा फोन आला. भावकी खोळंबली होती. "मामा, इथूनच साडी घेऊ का? तुमच्या नावानं?"

उकंडरावांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "घे," ते म्हणाले. "जांभळी पाहाय."

ऊन उतरल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. "मामा, जांभळीच मिळाली. नेसवली आईला."

"हाव." त्यांनी फोन माझ्याकडे दिला, पिशवीतल्या साडीचा काठ बाहेर ओढला आणि त्यावर बोट फिरवत राहिले.

"तुळशीराम," ते म्हणाले, "तिले समजलं असन बे. हे माह्या पसंतीची नाही म्हून."