तापलेल्या घोडीला पाणी

आमच्याकडे लग्नाची घोडी आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतात. पुरुष आहे. माझे वडील, आबा. पण त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून लगाम माझ्या हातात असतो आणि ते टेम्पोत बसून सूचना करतात. जळगाव असो की धुळे, सुपारी मिळेल तिथे पारोळ्याहून आम्ही तिघं जातो.

खानदेशातल्या मे महिन्याचं लोक उगाच कौतुक करतात. ती आग परवडली. घोडीला घाम येतो, वाळतो, अंग निवतं. खरी कसोटी जूनमध्ये, शेवटच्या मुहूर्तांना. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, पाऊस कुठेच नाही. घाम अंगावर तसाच राहतो. त्यात तिच्या पाठीवर मखमली झूल, झुलीवर आरसे आणि आरशांवर नवरदेव.

आबांचा एक नियम होता. तापलेल्या घोडीला पाणी दाखवायचं नाही, पोट फुगून जनावर जातं. हा नियम त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला होता आणि वडिलांना कुणाकडून, ते विचारायची सोय राहिली नव्हती. लस टोचायला येणारे जनावरांचे डॉक्टर मला म्हणाले होते की तसं काही नसतं. तापलेल्या घोडीला पिऊ द्या, अंगावर गार पाणी ओता आणि ओतत राहा. मी हे आबांच्या कानावर घातलं.

"डॉक्टरकडे घोडी शे का, माय?" आबांनी विचारलं.

नव्हती. वाद तिथे संपला.

त्या जूनमध्ये नशिराबादला लग्न होतं. मारुतीला नारळ फोडून नवरदेवाला मांडवात न्यायचं, एवढंच काम. आबा टेम्पो घेऊन मांडवाशी थांबले होते. पण आमच्या पुढे डीजे, डीजेपुढे नवरदेवाचे मित्र, आणि मित्र चौक सोडायला तयार नव्हते. एकच गाणं परत परत लागत होतं. मी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी होते. हाताला घाम लागत होता. मग तो लागेनासा झाला. मान कोरडी पडली आणि तव्यासारखी तापली. नाकपुड्या फाकलेल्या, श्वास भराभर. मागचा एक पाय अडखळला. ही आता रस्त्यातच जाते, असं मला वाटलं.

मी नवरदेवाला उतरायला सांगितलं. त्याच्या आत्याने मला समजावलं की मांडवाआधी नवरदेवाचा पाय जमिनीला लागत नसतो.

"मग तो घोडीसकट लागेल," मी म्हणाले.

यावर थोडा विचार झाला आणि मामाला बोलावलं गेलं. मामा अंगाने किरकोळ होता. नवरदेव तसा नव्हता. तरी मामाने त्याला पाठुंगळी घेतलं. मित्रांना हे इतकं आवडलं, की मिरवणूक पहिल्यांदाच पुढे सरकली.

मी घोडीला लिंबाच्या सावलीत घेतलं, झूल आणि माळा ओरबाडून काढल्या. नाचणाऱ्यांसाठी हातगाडीवर थंड पाण्याचे जार आणले होते. त्यातला एक उचलून मी तिच्या मानेवर, छातीवर, मांड्यांवर ओतायला लागले.

"ओ बाई, हाई पेवानं पाणी शे!" वऱ्हाडातले एक काका म्हणाले.

"असेल," मी म्हणाले आणि दुसरा जार उचलला.

ओतलेलं पाणी अंगावर लगेच कोमट व्हायचं. ते हाताने निपटायचं, पुन्हा ओतायचं. पण हातगाडीवरची बादली भरून तोंडापुढे धरली की ती नुसता वास घेई आणि मान फिरवी. परकं पाणी ती पीत नाही, म्हणून घरच्या पाण्याचं पिंप आम्ही टेम्पोत ठेवतो. टेम्पो मांडवाशी, आणि तिला सोडून मला हलता येईना. आबांना फोन करायचा माझा धीर झाला नाही. ते नाहीच म्हणणार होते.

मामाची स्वारी मांडवात पोचल्यावर आबांना कळलं असणार. थोड्या वेळाने ते रस्त्याने येताना दिसले. हातात बादली, पावलागणिक पाणी धोतरावर सांडत होतं. आले आणि त्यांनी बादली घोडीच्या तोंडाखाली धरली.

तिने तोंड बुडवलं. गळ्यातून घोट उतरताना दिसत होते. एरवी मी टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते. तेव्हा मी नुसतं पाणी ओतत राहिले. तिने बादली तळापर्यंत चाटली. हळूहळू श्वास उतरला, नाकपुड्या मिटल्या, आणि तिने माझ्या खांद्याला धडक दिली. ही वाचली, हे तेव्हा मला कळलं आणि मी भर रस्त्यात रडायला लागले.

आबा तिच्या पोटावर हात ठेवून उभे होते. पोट फुगलं नव्हतं.

"हिन्या आगोदरनी घोडी," ते म्हणाले, "सोनगीरले गयी ना, ती बी बादलीमा तोंड घालत व्हती. मी बादली वढी लिधी."

ती घोडी मला आठवते. मी तेव्हा शाळेत होते. ती उन्हाने गेली असं आमच्या घरात सगळे सांगतात. ओढून घेतलेल्या बादलीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी काही बोलायच्या आत त्यांनी रिकामी बादली उचलली आणि ती पुन्हा भरायला टेम्पोकडे निघाले. मी आणते म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही.